रिकामा रीसेल फ्लॅट घेतलाय, डिझायनर लावू की नुसता सुतार?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुळे सोलापुरात १५ वर्षं जुन्या बिल्डिंगमधे तिसऱ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर टूबीएचके रीसेलमधे घेतलाय. आधीच्या मालकाने पंखे, ट्रॉल्या, गीझर सगळं काढून नेलंय, आत नुसत्या भिंती आणि फरशी. एका डिझायनरने थ्रीडी चित्रं दाखवून सगळं मिळून ९ लाख सांगितलेत आणि मेव्हणे म्हणतात डिझायनर कशाला, सुतार मजुरीवर लावा, निम्म्यात होतंय. वर गुढीपाडव्याला गृहप्रवेश करायचाय, म्हणजे हातात जेमतेम तीन महिने.

मी सोलापुरातच इंटिरियरची कामं करतो, नव्या फ्लॅटची पण आणि अशा जुन्या रिकाम्या फ्लॅटची पण. हा प्रश्न मला दर सिझनला कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिझायनर की सुतार हे नंतर ठरवू. आधी हे बघा की ९ लाख कशाचे आणि मेव्हण्यांचे साडेचार लाख कशाचे, हे आत्ता तुम्हाला दोघांपैकी कोणीच सांगू शकत नाही. कारण अजून कोणी टेप लावून नीट माप घेतलेलं नाही आणि काय काय करायचं याची यादी कागदावर नाही. चित्रात दिसतं ते फर्निचर, लाइटा आणि रंग. जुन्या फ्लॅटमधे पैसा आणि वेळ खातं ते चित्रात कधीच दिसत नाही, म्हणजे भिंतीतले पाइप, वायरिंग, संडास-बाथरूमखालचा भराव आणि तुमच्या बाबतीत डोक्यावरची गच्ची. त्यामुळे माझं म्हणणं एकच आहे, आधी माप, ड्रॉइंग आणि आयटमवार यादी, आणि त्याचे पैसे डिझायनरला वेगळे द्या. कोटेशन त्यानंतर.

आता यात बरंच काही परिस्थितीवर आहे हे मान्य. प्लंबिंग मधे कधी बदललंय का, खालच्या शेजाऱ्याच्या छताला ओल आहे का, सोसायटी किती सहकार्य करते, घरात दिवसा साइटवर थांबणारं कोणी आहे का, यावर उत्तर बदलतं. पण तपासायचा क्रम बदलत नाही, म्हणून तो सांगतो.

पहिल्यांदा गच्ची बघा. तुम्ही शेवटच्या मजल्यावर आहात आणि आत्ता थंडी आहे, त्यामुळे छत कोरडं दिसणारच, त्यावर विश्वास ठेवू नका. स्लॅबच्या कोपऱ्यात, पंख्याच्या हुकाजवळ, बीमच्या कडेला पिवळट गोल डाग किंवा फुगलेला रंग दिसतो का बघा. आधीच्या मालकाने विकायच्या आधी रंग मारून घेतला असेल तर मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा मारा, फुगवटे लगेच दिसतात. शंका आली तर गच्चीवर त्या भागात पाळ बांधून दोन दिवस पाणी साठवून बघता येतं. आणि एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते, गच्चीतून पावसाचं पाणी गळत असेल तर ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते, सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत तसं आहे. तुमच्या स्वतःच्या संडास-सिंकची गळती मात्र तुमच्या खर्चाने. त्यामुळे गळती दिसली तर आधी सोसायटीला लेखी अर्ज द्या, आणि ते काम झाल्याशिवाय त्या खोलीत फॉल्स सिलिंग करू नका. ओल्या स्लॅबखाली सिलिंग केलं की दोन पावसाळ्यांत ते डाग पडून लोंबायला लागतं आणि तेव्हा खालचं सगळं फर्निचर झाकून परत तोडफोड.

गच्चीचाच दुसरा मुद्दा उन्हाचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो, शेवटच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरा-बारापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. सोसायटीची परवानगी घेऊन तुमच्या डोक्यावरच्या भागाला पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट मारून घ्या नाहीतर चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांची फरशी, करून घ्या. हॉलमधल्या शोभेच्या लाकडी पट्ट्यांचे पैसे वाचवून इकडे घातले तर घरातली म्हातारी माणसं तुम्हाला उन्हाळाभर दुवा देतील. एसीवरचा भार पण कमी होतो.

मग संडास-बाथरूम. १५ वर्षांच्या बिल्डिंगमधे बाथरूमचा स्लॅब बहुतेक खाली घेतलेला असतो आणि त्यात विटांचा कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा भराव, भरलेला असतो. पाइप गळायला लागला की पाणी त्या कोब्यात मुरत राहतं, तुम्हाला वर काहीच दिसत नाही, खालच्याला दिसतं. म्हणून उद्याच खालच्या घरी जा, ओळख करून घ्या, चहा प्या आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघा. डाग असतील तर नुसती वरची फरशी बदलून भागणार नाही, कोबा काढून, पाइप बदलून, वॉटरप्रूफिंग करून परत भरावं लागेल. डाग नसतील तरी तुम्ही तिथल्या टाइल्स बदलणारच असाल तर पाइप पण आत्ताच बदला, परत दहा वर्षं हात लावायला नको. जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप असतील तर आतून गंजून अर्धे भरलेले असतात. गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे पाइप, घ्या. वॉटरप्रूफिंग झाल्यावर फरशी बसवायच्या आधी बाथरूममधे ४८ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या शेजाऱ्याला दोन्ही दिवस विचारायचं. मिस्त्री म्हणेल साहेब काही गरज नाही, माझी गॅरंटी. त्याचं ऐकून घ्या आणि पाणी भराच.

पाण्याचं तर सोलापुरात वेगळंच गणित आहे हे तुम्हाला मी काय सांगायचं. महापालिकेचं पाणी रोज येत नाही, मधले दिवस बोअरवर काढायचे आणि आपलं बोअरचं पाणी जड. म्हणून महापालिकेच्या पाण्याची आणि बोअरची लाइन घरात वेगळी येते का विचारा. येत असेल तर स्वयंपाकघरात दोन वेगळे नळ काढून घ्या, ओट्यावरच्या माळ्यात पिण्याच्या पाण्याची छोटी टाकी बसवायची असेल तर तिचं वजन धरून खालचा आधार आत्ताच ठरवा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, ते सनमायक्याच्या लॉफ्टवर ठेवायची गोष्ट नाही. चित्रात तुम्हाला बाथरूममधे काळ्या टाइल्स आणि काचेचं पार्टिशन दाखवलं असेल, जड पाण्याने दोन महिन्यांत त्याच्यावर पांढरे ओघळ येतात आणि निघता निघत नाहीत. फिकट, थोडी खरखरीत टाइल घ्या. आणि वरून पडणारा मोठा रेन शॉवर शेवटच्या मजल्यावर प्रेशर पंपाशिवाय चालत नाही, कारण साधारण १० मीटर उंचीवर टाकी असेल तेव्हा १ बार दाब मिळतो, तुमची टाकी डोक्यावर जेमतेम तीन मीटर. शॉवर महागातला घेतला तरी पाणी ठिबकणारच. डिझायनरला हे विचारा, त्याला उत्तर देता आलं तर माणूस साइटवर काम केलेला आहे.

वायरिंगचं थोडक्यात. लाइट-पंख्याला १.५, पॉवर प्लगला २.५ आणि एसी-गीझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्रत्येक एसीला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच), आणि डीबीमधे म्हणजे घरातल्या मुख्य स्विचबॉक्समधे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसू लागला की लाइन तोडणारा स्विच), यात काटकसर नाही. दोन-तीन एसी लावणार असाल तर मीटरचा मंजूर भार किती आहे बघा आणि महावितरणला वाढवायचा अर्ज नाव बदलतानाच करा. इन्व्हर्टरची लाइन आत्ताच वेगळी काढा. झिऱ्या मारून, म्हणजे भिंतीत खाचा पाडून, पाइप टाकले की प्लास्टर करायच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवा, पुढे कुठे ड्रिल मारायचं ते त्या फोटोवरून कळतं. झिरी कॉलम-बीमला मारू द्यायची नाही, कितीही सोयीचं असलं तरी. आणि हॉल मोठा दिसावा म्हणून मधली भिंत पाडायचं कोणी सुचवलं असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आणि सोसायटीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय हातोडा लागू देऊ नका.

हॉल-बेडरूमची फरशी चांगल्या स्थितीत असेल तर मी ती काढायला सांगत नाही. काठीने ठोकत फिरा, पोकळ आवाज फारसा येत नसेल तर त्याच फरशीवर नवीन टाइल चिकटवता येते, फक्त दारं खालून कापावी लागतात आणि उंबऱ्याची पातळी बघावी लागते. राडारोडा खाली न्यायचा खर्च आणि शेजाऱ्यांची भांडणं दोन्ही वाचतात.

इथपर्यंतचं सगळं न दिसणारं काम. याची यादी झाली, त्याला पैसा बाजूला ठेवला, की उरलेल्या पैशात फर्निचर. उलटा क्रम केला की फर्निचरला आधी पैसे जातात आणि पाइप तसेच राहतात.

आता डिझायनर. आपल्याकडे आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते, इंटिरियर डिझायनरला अशी कुठली सक्तीची सरकारी नोंदणी नाही. त्यामुळे चांगली शिकलेली, मेहनती माणसं पण त्यात आहेत आणि काल लॅपटॉप घेऊन आज काम सुरू केलेली पण आहेत, आणि तुम्हाला बाहेरून फरक कळत नाही. माझी पद्धत विचाराल तर त्याचं नवं कोरं घर बघायला जाऊ नका, तीन-चार वर्षं राहून झालेलं घर दाखवा म्हणा. तिथे सिंकखालचं कपाट उघडा, वॉर्डरोबचं दार ओढून बघा, बाथरूमच्या चौकटीचा खालचा भाग बघा. आणि घरातल्या बाईंना विचारा, काम संपल्यावर बोलावलं तर माणूस आला का? हे शेवटचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं.

दुसरं, तो तुम्हाला काय विचारतो ते ऐका. वर्षाची ज्वारी कुठे ठेवता, कोठीत का पोत्यात? भाकरी रोज होते का, ओट्याजवळ परात घेऊन उभं राहायला जागा किती लागते? पाहुणे आले की अंथरूण-चादरी कुठून काढता? आजी खाली बसून देवपूजा करतात का उभ्याने? हे ज्याने विचारलं त्याचं ड्रॉइंग तुमच्या घरासाठीचं असतं. न विचारता थेट चित्र दाखवलं असेल तर ते चित्र याआधी दुसऱ्या घरासाठी वापरलेलं असण्याची शक्यता बरीच असते.

मग त्याला सांगा, मला ९ लाखांचा आकडा नको, तुमची ड्रॉइंगची फी सांगा. त्यात प्रत्येक भिंतीचं मापासकट ड्रॉइंग, लाइट-प्लगचा नकाशा, प्लंबिंगचा नकाशा आणि आयटमवार यादी, प्लायची जाडी आणि ग्रेड, सनमायक्याची जाडी, हार्डवेअरचा ब्रँड, माप कसं धरणार, सगळं लिहिलेलं. ही फी देताना जिवावर येतं कारण हातात नुसते कागद येतात, पण त्या कागदावर तुम्ही त्याच डिझायनरकडून, दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडून आणि मेव्हण्यांच्या सुताराकडून एकाच कामाचे तीन भाव घेऊ शकता. तेव्हाच निम्म्यात होतंय का नाही ते कळेल.

मापाचं नीट समजून घ्या, कारण भांडणं इथेच होतात. ७ बाय ७ फुटाचा वॉर्डरोब, समोरून मोजला तर ४९ चौरस फूट. त्या भावात आतले ड्रॉवर, आरसा, कुलूप धरलंय का वेगळं? मागची पाटी प्लायची का नुसती भिंत? वरचा लॉफ्ट त्याच भावात का वेगळ्या? फॉल्स सिलिंग १२ बाय १४ च्या खोलीत सपाट मोजलं तर १६८ फूट, पण उभ्या पट्ट्या उलगडून मोजल्या तर आकडा चांगलाच वाढतो. दोन्ही पद्धती बाजारात चालतात, कुठलीच चोरी नाही, पण आधी लिहून घ्यायला हवी. आणि जीएसटी धरून का सोडून, हे पण. ९ लाखावर १८ टक्के म्हणजे १ लाख ६२ हजार, शेवटी कळलं तर डोळ्यापुढे अंधारी येते.

दुकानदाराकडून मिळणाऱ्या कमिशनबद्दल पण उघड विचारा. प्लाय, टाइल्स, लाइटच्या दुकानांत ही पद्धत आहे. काही डिझायनर ते तुमच्या बिलातून वजा करून देतात, काही ते धरूनच फी कमी सांगतात. दोन्ही चालेल, माहीत असलं पाहिजे एवढंच.

मटेरियलमधे एकच गोष्ट डोक्यात ठेवा. स्वयंपाकघर आणि बाथरूमजवळच्या फर्निचरला आयएस ७१० चा मरीन प्लाय, बाकी ठिकाणी आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा प्लाय, चालतो. शीटवर आयएसआय मार्कसोबत सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा लायसन्स नंबर, असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. शीट कापायच्या आधी बघा, कापल्यावर शिक्का कुठे गेला कळत नाही. आणि बजेट ताणलं असेल तर ओट्याखाली प्लायचे बॉक्स करूच नका, कडप्प्याचे खाने करून समोर फक्त फ्रेम आणि शटर लावा. दिसायला मॉड्युलरसारखंच दिसतं, पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही आणि खर्च बराच कमी येतो. आपल्याकडे कडप्पा सहज मिळतो आणि तो बसवणारे गवंडी पण आहेत. थ्रीडी चित्रात हे कोणी दाखवत नाही म्हणून मुद्दाम सांगितलं.

मेव्हण्यांचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. फक्त किचन आणि दोन वॉर्डरोब करायचे असते, घरात कोणी रिटायर माणूस रोज साइटवर थांबणारं असतं, तर मी पण तुम्हाला चांगला सुतार बघा म्हणालो असतो. पण तुमच्याकडे प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गवंडी, फरशीवाला, सिलिंगवाला, सुतार, पेंटर सगळे एकामागे एक येणार, आणि मजुरीवर काम म्हणजे बिजागरी संपली की सकाळी अकराला फोन तुम्हालाच. सुताराने बेड जिथे ठोकला तिथेच इलेक्ट्रिशियनने प्लग काढलेला असतो, मग परत झिरी. दोघं नवराबायको नोकरीला असाल तर कोणीतरी जबाबदार माणूस मधे लागतोच. मधला रस्ता असा, डिझायनरकडून ड्रॉइंग आणि आठवड्याला ठरलेल्या व्हिजिट घ्या, मजूर आणि मटेरियल तुमचं. यात तुमची धावपळ आहे पण हिशोब तुमच्या हातात राहतो. सगळं एकालाच दिलं तर धावपळ कमी, पण मग पैसे टप्प्याने द्या. कुठल्याही दिवशी झालेल्या कामापेक्षा दिलेले पैसे फार पुढे जायला नकोत, आणि शेवटचे दहा टक्के राहायला गेल्यावर महिनाभराने.

आता पाडवा. होळी पाडव्याच्या साधारण पंधरा दिवस आधी येते आणि आपल्याकडे काम करणारे राजस्थानी सुतार, यूपीचे पेंटर होळीला गावी जातात, काही आठवडाभर आधीच निघतात आणि परत यायचा नेम नाही. म्हणजे तुम्हाला जे शेवटचे पंधरा-वीस दिवस फिनिशिंगचे वाटतायत ते हातात नाहीतच. मधे संक्रांतीला गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची, यात्रा, तेव्हा गावातले मिस्त्री दोन-चार दिवस येत नाहीत, आणि यावं अशी अपेक्षा पण करू नये. तोडफोड, प्लंबिंग, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, फरशी यातच नीट केलं तर महिना-सव्वा महिना जातो. नव्या प्लास्टरला आठवडाभर पाणी मारायचं आणि मग वाळू द्यायचं, ओल्यावर पुट्टी मारली की पापुद्रे निघतात.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर पाडव्याला दोन बाथरूम, किचन, वायरिंग आणि एक बेडरूम पूर्ण, भिंतींना रंगाचा पहिला हात, एवढंच ठरवलं असतं. कलश ठेवा, दूध उतू घाला, गुढी उभारा, राहायला पण जा. हॉलचं टीव्ही युनिट, दुसरी बेडरूम आणि शेवटचा रंगाचा हात सुतार-पेंटर होळीहून परत आल्यावर. हे डिझायनरला आत्ताच सांगून वेळापत्रकात लिहून घ्या. तो म्हणाला पाडव्याला सगळं देतो, तर विचारा की होळीत सुतार कोण असणार.

या आठवड्यात करायचं एवढंच, खालच्या घरी जाऊन छत बघा, गच्ची बघा, सोसायटीकडून कामाची लेखी परवानगी आणि कामाच्या वेळा घ्या, मीटरचा मंजूर भार बघा. आणि ॲडव्हान्स मागितला असेल तर तो तोपर्यंत देऊ नका. खालच्या घराच्या छताचे फोटो आणि डिझायनरने दिलेलं कोटेशन, नाव-नंबर झाकून, इथे टाकलंत तर कुठला आयटम राहिलाय आणि कुठला जास्तीचा आहे ते मी सांगू शकेन.